आजी पाणी आधीच देते: एबीएमधल्या डॉक्टरेटबद्दल

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या नाशिकच्या, वय २९. मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि गेली चार वर्षं पुण्यातल्या एका केंद्रात ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर एबीएचं, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषणाचं (वागणं मोजून, त्यामागची कारणं शोधून नवं शिकवण्याचं) काम करतात. याच विषयात पीएचडी करावी का, भारतात करावी की बाहेर, पैसे कुठून आणायचे आणि ती झाल्यावर हातात नेमकं काय येतं, हे त्यांना विचारायचंय. पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी एक ओळ लिहिलीय: "आमच्याकडचा सहा वर्षांचा एक मुलगा सेंटरमध्ये 'पाणी' म्हणून छान मागतो, पण घरी दोन महिन्यांत एकदाही मागितलं नाही. कारण कळत नाही."

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. विद्यापीठं आणि शिष्यवृत्त्यांची माहिती तुम्हाला दहा जण देतील. ती ओळ मात्र तुमची स्वतःची आहे, आणि डॉक्टरेट करावी की नाही याचं निम्मं उत्तर मला तिच्यात दिसतं.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका घरी मी पालकांच्या प्रशिक्षणासाठी गेले होते. मुलगी पाच वर्षांची. केंद्रातल्या डेटा शीटवर 'पाणी' या मागणीपुढे सलग तीन सेशन नव्वद टक्क्यांच्या आसपास, घरी शून्य. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले, मुठीत टॅली काउंटर धरून. दीड तासात ती मुलगी चार वेळा माठासमोर येऊन उभी राहिली. चारही वेळा तिनं तोंड उघडायच्या आत आजींनी स्टीलचा पेला भरून तिच्या हातात दिला. आजी गवार निवडत होत्या, तिच्याकडे पाठ होती, तरी त्यांना कळायचं. एकदा तर ती बाहेरच्या खोलीतून उठली, तिच्या पैंजणांचा आवाज झाला, तेवढ्यावर आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. माठाकडे नजर गेल्यापासून पेला हातात पडेपर्यंत जास्तीत जास्त वेळ लागला तो तीन सेकंदांचा.

केंद्रात पेला वरच्या फळीवर असतो आणि थेरपिस्ट वाट बघत थांबलेली असते. घरी शब्दाची गरजच पडत नाही. आपल्याकडे मागायच्या आधी वाढणं हीच माया. पाहुण्याला "हवंय का?" विचारणंसुद्धा जरा कोरडं वाटतं, आपण सरळ वाढतो. मग नातीला तहान लागलेली दिसत असताना आजीनं हात आखडून उभं राहायचं, हे त्या घराच्या सगळ्या वळणाच्या विरुद्ध जातं. तुमच्याकडच्या मुलाच्या घरी नेमकं काय होतं ते मला माहीत नाही. पण तिथे जाऊन दीड तास बसा आणि फक्त सेकंद मोजा, असं मी नक्की सांगेन.

आता यात डॉक्टरेट कुठे आली? सांगते.

घरात मागणी का येत नाही, हा प्रश्न नवा नाही. १९७९ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेव्हियर अॅनालिसिस'मध्ये, ज्याला आपण सगळे 'जाबा' म्हणतो, हॅले, मार्शल आणि स्प्रॅडलिन यांचा एक लेख आला. निवासी संस्थेत राहणारी, बौद्धिक अक्षमता असलेली सहा मुलं. जेवणाच्या रांगेत कर्मचारी त्यांना ट्रे हातात द्यायचे, त्यामुळे मागायचा प्रश्नच यायचा नाही. संशोधकांनी ट्रे १५ सेकंद धरून ठेवला. एवढंच. काही मुलांना नुसता तो थांबा पुरला, काहींना सोबत जास्तीची मदत द्यावी लागली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७७ मध्ये, स्टोक्स आणि बेअर यांनी एका ठिकाणी शिकवलेलं दुसऱ्या ठिकाणी का पोचत नाही याचा मोठा आढावा घेतला होता. शिकवायचं आणि बाकी आशेवर सोडून द्यायचं, या सर्रास पद्धतीला त्यांनी 'ट्रेन अँड होप' असं नाव दिलं. आणि १९८२ मध्ये वेस्टर्न मिशिगनच्या जॅक मायकल यांनी समोर पाणी दिसणं आणि पाण्याची ओढ असणं या दोन गोष्टी वेगळ्या करून मांडल्या. आपण आज रोज 'एमओ' (मोटिव्हेटिंग ऑपरेशन, म्हणजे एखाद्या गोष्टीची ओढ वाढवणारी-घटवणारी परिस्थिती) म्हणतो त्याचा पाया तिथला.

म्हणजे थांबा देऊन मागणी येते हे ४० हून जास्त वर्षांपूर्वीच कळलंय. मग तुमच्यासाठी काय उरलं? पुष्कळ उरलंय. ट्रे धरणारा कर्मचारी पगारावर होता. १५ सेकंद थांब म्हटलं की थांबला. आजी थांबतील का? पहिल्या आठवड्यात तुमच्यासमोर थांबतील, तुम्ही गेल्यावर? त्या थांबल्या आणि मूल रडलं, तर शेजारच्या काकू काय म्हणतील आणि त्याचा आजींच्या थांबण्यावर काय परिणाम होईल? थांबा १५ सेकंदांचाच हवा की पाचही पुरतील? दिवसभराच्या पाण्याला हात न लावता फक्त संध्याकाळच्या खाऊच्या वेळी थांबलं तर मागणी आपोआप पाण्यापर्यंत पोचेल का? हे सगळे मोजता येण्यासारखे प्रश्न आहेत आणि ते आपल्या घरांतच विचारता येतील. मी डॉक्टरेट म्हणते ती याला: त्या जुन्या कामाला नेमक्या कुठल्या टाचणीच्या टोकाशी आपला धागा जोडायचा हे कळणं, आणि मग तो तीन-चार वर्षं धरून ठेवणं.

म्हणून मला कोणी "मॅडम, मला अजून शिकायचंय म्हणून पीएचडी करायचीय" असं म्हटलं की मी थोडी थांबते. अजून शिकायचं असेल तर चांगलं सुपरव्हिजन घ्या, दोन वर्षं अवघड केसेस घ्या, दर आठवड्याला जाबाचा एक लेख सहकाऱ्यांबरोबर बसून वाचा. त्यानं तुम्ही उत्तम थेरपिस्ट व्हाल आणि मुलांचं भलं होईल. पीएचडीत मुलांबरोबरचा वेळ उलट कमी होतो. आलेख, एथिक्स कमिटी, लेखन, पुन्हा लेखन. ते ज्याला आवडतं त्यानंच त्यात पडावं.

दुसरी गोष्ट, ज्यावर मी दरवर्षी निदान दहा जणांना फोनवर समजावते: प्रमाणपत्र आणि पदवी या दोन वेगळ्या वाटा आहेत. बीसीबीए हे अमेरिकेच्या बिहेव्हियर अॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाचं प्रमाणपत्र. हे बोर्ड १९९८ साली स्थापन झालं. या प्रमाणपत्रासाठी मास्टर्स पुरतं. नावापुढचं 'बीसीबीए-डी' म्हणजे त्याच प्रमाणपत्राला डॉक्टरेट असल्याची जोड, ते वेगळं लायसन्स नव्हे आणि त्यानं कामाचे अधिकारही वाढत नाहीत. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज हे बोर्ड घेत नाही. आरबीटीचं, म्हणजे त्यांच्याच तंत्रज्ञांसाठीच्या प्रमाणपत्राचंही तेच. तुमच्या केंद्रातल्या सिनिअरकडे बीसीबीए असेल तर त्यांनी ते आधी मिळवलेलं आहे. त्यांच्या वाटेनं तुम्हाला इथून जाता येणार नाही. इथे राहून घेता येण्यासारखी प्रमाणपत्रं म्हणजे इंटरनॅशनल बिहेव्हियर अॅनालिसिस ऑर्गनायझेशनची आयबीटी (थेरपिस्टसाठी) आणि आयबीए (विश्लेषकासाठी), किंवा क्वाबा या दुसऱ्या प्रमाणपत्र मंडळाची. अमेरिकेत किंवा कॅनडात जाऊन राहिलात तर बीसीबीएचा विचार करता येईल, पण तिथेही सध्याच्या नियमाप्रमाणे २००० तासांचं देखरेखीखालचं काम लागतं (जास्त सघन सुपरव्हिजन असेल तर १५००), आणि २०२७ पासून पात्रतेचे नियम बदलताहेत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मैत्रिणीचं ऐकून ठरवू नका, बोर्डाची हँडबुक स्वतः उघडून वाचा.

आणि इथलं लक्षात असू द्या: भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत वर्तन विश्लेषक असा स्वतंत्र प्रवर्ग नाही. एबीएत पीएचडी केली म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही, निदानाचा दाखलाही देता येत नाही. नोंदणी हवी असेल तर विशेष शिक्षणाचं बी.एड. किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीची वाट वेगळी धरावी लागते. हे मी मन मोडायला सांगत नाही. पाच वर्षांनंतर हे कळून रडलेले लोक मी पाहिलेत.

आता भारतातली पीएचडी. वर्तन विश्लेषण अशी पाटी असलेला विभाग शोधत फिरू नका. नोंदणी मानसशास्त्र, विशेष शिक्षण, शिक्षणशास्त्र किंवा मानव विकास यांपैकी कुठल्यातरी विभागात होते आणि विषय तुमचा असतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. महिलांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. प्रवेशासाठी २०२४ पासून नेटचे गुण धरले जातात. मानसशास्त्राची नेट द्याच, कारण तिच्यातून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफचे (सिनिअर फेलोशिपचे) ४२,००० मिळतात, आणि संशोधनासाठी कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. जेआरएफ नाही मिळाली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. तुम्ही ज्या प्रवर्गात बसता त्याची जाहिरात आली की त्याच आठवड्यात कागद काढा, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीत दोन महिने सहज जातात.

एक सावधगिरी. नोकरी सांभाळून घरबसल्या परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी, अशा जाहिराती तुम्हाला दिसत असतील. यूजीसी आणि एआयसीटीई या दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलंय की एडटेक कंपन्यांमार्फत परदेशी संस्थांच्या अशा ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. तिथे पैसे भरू नका.

भारतात खरी अडचण वेगळीच येते, आणि ती मी स्वतः भोगली आहे, म्हणून इथे जरा थांबते.

माझा पहिला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मी इथल्याच एका विद्यापीठात सादर केला होता. आरआरसीची, म्हणजे आराखड्यांना मान्यता देणाऱ्या समितीची मीटिंग, लांबलचक टेबल, सात-आठ माणसं. मी तीन मुलांवरचा मल्टिपल बेसलाइन (एकेका मुलाकडे वेगवेगळ्या वेळी उपाय सुरू करण्याची रचना) मांडला. पाच मिनिटं झाली नसतील, एका सरांनी चष्मा काढून विचारलं, "सॅम्पल साइज?" मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, "तीनशे म्हणायचंय का?" बाकीचे हसले. माझ्याकडे त्या दिवशी नीट उत्तर नव्हतं. मी 'ही पद्धत प्रमाणित आहे' एवढंच म्हणत राहिले आणि सिनॉप्सिस परत आला.

ते उत्तर आज मी तुम्हाला देते, पाठ करून ठेवा. गटावरच्या अभ्यासात एका गटाची सरासरी दुसऱ्या गटाच्या सरासरीशी ताडून बघतात. आपण त्याच मुलाला त्याच्याशीच ताडून बघतो, पुन्हा पुन्हा. पहिल्या घरात बेसलाइन, म्हणजे काहीही बदलण्याआधीचं मोजमाप सुरू, मागणी शून्याला चिकटलेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरातही बेसलाइन सुरू. पहिल्या आजींना थांबायला शिकवलं. पहिल्या घरातली रेघ वर गेली, बाकीच्या दोन जमिनीवरच. दहा दिवसांनी दुसऱ्या आजी. तेव्हा दुसरी रेघ उठली. मग तिसरी. शाळेला सुट्टी लागली म्हणून किंवा मूल मोठं झालं म्हणून मागणी आली असती, तर तिन्ही रेघा एकदमच उठल्या असत्या. परिणाम वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा दिसला पाहिजे, हा या पद्धतीचा नियम आहे, आणि प्रत्येक टप्प्यात पुरेसे, शक्यतो पाच तरी बिंदू हवेत. इथे 'एन' म्हणजे मुलांची संख्या नाही, मोजमापांची संख्या आहे, आणि ती शेकड्यांत जाते. कोणी पुरावा मागितला तर इवाटा आणि सहकाऱ्यांचा १९८२ चा अभ्यास पुढे ठेवा. स्वतःला इजा करून घेणारी नऊ मुलं होती त्यात. त्या नऊ मुलांवरच्या कामातून फंक्शनल अॅनालिसिस उभं राहिलं, आणि आज जगभरातल्या केंद्रांत मूल डोकं आपटायला लागलं की आधी 'का' विचारलं जातं, ते त्यामुळे.

हे समजावून सांगायची तयारी असेल आणि तुमच्या गाइडला हे पटलेलं असेल, तरच भारतात असा एकल-रचनेचा, म्हणजे मुलाला त्याच्याशीच ताडणारा प्रबंध घ्या. गाइडला पटलेलं नसेल तर शेवटच्या वर्षी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, गटांच्या सरासऱ्या ताडणारी 'टी-टेस्ट कुठाय' विचारतील आणि तुमच्या बाजूनं बोलणारं खोलीत कोणी नसेल. दुसरा मार्ग असाही आहे की इथे नोंदणी करून फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपवर ६ ते ९ महिने अमेरिकेतल्या एखाद्या प्रयोगशाळेत बसून यायचं. ती फेलोशिप भारतात पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठीच आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तुमच्या प्रश्नासाठी मला हा मार्ग सगळ्यात जास्त पटतो. घरं इथली, आजी इथल्या, आणि पद्धतीची शिस्त तिथून आणायची.

मी स्वतः पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे पूर्ण केलं. तिथे पीएचडीला साधारण चार-पाच वर्षं लागतात: कोर्सेस, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. कॅन्सस विद्यापीठ हे या शास्त्राचं माहेर म्हणा. बेअर, वुल्फ आणि रिस्ली तिथलेच, ज्यांनी १९६८ मध्ये जाबाच्या पहिल्याच वर्षी 'उपयोजित' म्हणजे काय याचे सात निकष घालून दिले. सातवा निकष म्हणजे बदल टिकणं आणि पसरणं, तुमच्या 'पाणी'चा प्रश्न नेमका तिथला. कालामझूचं वेस्टर्न मिशिगन, गेन्सव्हिलचं फ्लोरिडा विद्यापीठ, रीनोचं नेवाडा, लोगनचं युटा स्टेट, मॅसॅच्युसेट्सचं वेस्टर्न न्यू इंग्लंड, विशेष शिक्षणाच्या बाजूनं जायचं तर ओहायो स्टेट. युरोपात गॉलवे आणि बेलफास्टचं क्वीन्स, तिकडे न्यूझीलंडचं वायकाटो. आयर्लंड-ब्रिटनकडे कोर्सवर्क कमी आणि प्रबंधावर भर, त्यामुळे तीन-चार वर्षांत आटोपतं, पण तिथे पोचाल त्या दिवशी तुमचा प्रश्न तयार हवा.

नावांची ही यादी मी दिली खरी, पण तिच्यावरून निवड करू नका. आपल्या विषयात विद्यार्थी विद्यापीठात जात नाही, एका माणसाच्या प्रयोगशाळेत जातो. अर्ज वाचतानाही ते प्राध्यापक "हिला मी माझ्याकडे घेईन का?" एवढंच बघतात. म्हणून उलट्या बाजूनं या. पालक प्रशिक्षण, मागणी शिकवणं, एका जागचं दुसऱ्या जागी पोचवणं, या तीन विषयांवरचे गेल्या पाच वर्षांतले जाबातले लेख काढा. कुठली नावं पुन्हा पुन्हा येतात ते वहीत लिहा. त्यांतल्या चार-पाच जणांचे प्रत्येकी तीन लेख खरोखर वाचा. मग सप्टेंबरात त्यांना एक छोटं ईमेल करा. त्यात 'मला लहानपणापासून मुलं आवडतात' नको, केंद्राचं कौतुक नको. 'तुमच्या अमुक लेखात थेरपिस्टनं थांबा दिला. मी काम करते त्या घरांत थांबणारी व्यक्ती आजी असते आणि तिला थांबणं क्रूर वाटतं. यावर काम करायचंय. तुम्ही पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का?' एवढ्या चार ओळी. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. ज्यांचं उत्तर येईल त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायला मागा आणि त्यांना विचारा: मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत येतो? गेल्या पाच वर्षांत किती जण मध्येच सोडून गेले? या दोन उत्तरांवरून मला जेवढं कळतं तेवढं कुठल्याही रँकिंगवरून कळत नाही.

अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेकांनी काढून टाकलीय, तरी प्रत्येक ठिकाणचं तपासा. पैशांबाबत माझं मत ठाम आहे: ट्यूशन माफ आणि वर महिन्याचं मानधन, अशी असिस्टंटशिप मिळत असेल तरच अमेरिकेत पीएचडीला जा. घर गहाण टाकून, कर्ज काढून नको. फी भरून करायच्या डॉक्टरेटही तिथे आहेत, त्यांतल्या काही चांगल्याही आहेत, पण त्या मुख्यतः तिथे नोकरी असलेल्यांसाठी. इथे परत येऊन आपल्याकडच्या पगारात ते कर्ज फिटत नाही. मानधनासह प्रवेश मिळाला की होकार द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. हा तिथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केलेला करार आहे. आधी कोणी दबाव टाकला तर नम्रपणे तारीख दाखवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी दरवर्षी नव्यानं वाचाव्या लागतात.

एक सवय मात्र आजपासून लावा, मग कुठेही जा. दुसरा निरीक्षक. माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी मी चार महिने मोठ्या उत्साहानं डेटा घेतला, आलेख सुंदर दिसत होते. गाइडनी विचारलं, दुसऱ्या माणसानं किती सेशन मोजली? मी घाईघाईनं व्हिडिओ दुसऱ्या एका विद्यार्थिनीला दिले. आमची जुळणी आली ६१ टक्के. ८० च्या खाली कोणी विश्वास ठेवत नाही. कारण शोधलं तर 'मागणी' कशाला म्हणायचं हेच आम्ही वेगवेगळं धरलं होतं. नुसतं 'पा' म्हटलं तर मी मोजत होते, ती नाही. चार महिने गेले. तुमच्या केंद्रात आठवड्यातून दोन सेशन तरी सहकाऱ्याला शेजारी बसवून वेगळ्या शीटवर मोजायला सांगा. व्याख्या आधी कागदावर लिहा, मराठीतच लिहा: "मुलानं कोणीही न सांगता, वस्तू हातात येण्याआधी, 'पाणी' किंवा 'पानी' असा शब्द ऐकू येईल असा उच्चारला." आपल्या मुलांच्या उच्चारांचे घोळ इंग्रजी व्याख्येत बसत नाहीत.

आपल्या भागात घरच्यांना हाताशी धरून शिस्तशीर संशोधन होऊ शकतं का, अशी शंका येत असेल तर गोव्याचा 'पास' अभ्यास बघा. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. गोवा आणि रावळपिंडी, ६५ मुलं. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर काम केलं. ती पद्धत एबीएची नव्हे आणि रचनाही गटांची होती. पण आपल्या घरांत शिरून, आपल्या माणसांबरोबर, जगानं मान्य केलेलं काम उभं राहतं हे त्यातून दिसतं.

शेवटचा विषय टाळू नका, कारण मुलाखतीत तो निघणारच आणि निघालाच पाहिजे. एबीएतून गेलेली अनेक ऑटिस्टिक माणसं आता मोठी झालीत आणि त्यांनी काय सोसलं ते बोलताहेत. डोळ्यांत बघायची सक्ती, हात हलवले की थांबवणं, आणि सुरुवातीच्या काळात तर शिक्षासुद्धा. अमेरिकेत एका संस्थेत विजेचे झटके वापरले गेले. त्याला ठाम विरोध करणारी भूमिका वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं घेतली ती २०२२ मध्ये. इतका उशीर. हे वाचताना आपल्या शास्त्राचा बचाव करायची घाई करू नका. त्यांचं लिहिलेलं वाचा, त्यांना सल्लागार म्हणून मानधन देऊन सोबत घ्या, आणि प्रबंधात 'मुलाचं नकार देणं' हेही मोजा. 'पाणी' शिकवण्याआधी 'नको' शिकवायला हवं असं माझं मत होत चाललंय. मान फिरवली, पेला ढकलला, की ते 'नको' धरायचं आणि तिथेच थांबायचं.

माँट्रोज वुल्फ यांनी १९७८ मध्ये एक गोष्ट आग्रहानं मांडली होती: ध्येय महत्त्वाचं आहे का, पद्धत चालण्यासारखी आहे का, परिणामानं माणसं समाधानी आहेत का, हे ज्यांच्यावर आपण काम करतो त्यांनाच विचारलं पाहिजे. आपल्या प्रबंधांत ही प्रश्नावली शेवटच्या परिशिष्टात असते, आईनं भरलेली, सगळीकडे 'पाच पैकी पाच'. तुम्ही ती सुरुवातीला आणा आणि आजींना द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. संमतीपत्रातही त्यांचं नाव असू द्या, पाच सेकंद थांबायचंय ते त्यांनाच.

त्या साताऱ्याच्या घरी मी आजींना थांबायला सांगितलं तेव्हा त्यांनी गवारीचं ताट बाजूला सरकवलं आणि मला विचारलं, "तहानलेल्या लेकराला तोंड उघडेपर्यंत थांबवायचं, हे तुमच्या पुस्तकात लिहिलंय का?" प्रश्नावलीतला पहिला प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवा.